वासरात लंगडी गाय शहाणी : एक खुलासा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या गेल्या रविवारच्या पुरवणीत इंदुरातील मराठी संस्थांच्या कारभारावर जो लेख आला आहे, त्यात कार्यकारिणीवर वर्षानुवर्षे निवडून येणाऱ्या मंडळींची संभावना लेखकाने 'वासरात लंगडी गाय शहाणी' या म्हणीने केली आहे. कार्यकारिणीविषयी मला काही म्हणायचे नाही. मी कोणत्याही संस्थेचा पदाधिकारी नाही आणि या वयात होण्याचा संभवही नाही. माझी हरकत आहे ती म्हणीच्या वापराला. ही म्हण टिंगलीसाठी वापरणाऱ्या बहुतेकांनी वासरांच्या कळपात लंगडी गाय सोडून पाहिलेली नसते. मी पाहिलेली आहे, आणि जे पाहिले त्यावरून माझे असे मत झाले आहे की ही म्हण गायीची थट्टा करीत नसून वासरे एका शेतातून दुसऱ्या शेतात कशी न्यावीत याची रीत सांगते. आपल्या शहरी वाचकांना हा विषय क्षुल्लक वाटेल. ज्यांना तसा वाटेल त्यांनी एकदा नऊ वासरे पाऊण किलोमीटर नेऊन दाखवावीत, एवढीच विनंती.

आमचे घराणे होळकरांच्या चाकरीत इंदुरात आले आणि रामबागेत स्थिरावले. हातोदच्या बाजूला, यशवंतसागर तलावाच्या अलीकडे, वडिलांनी घेतलेली थोडी जमीन आहे. नोकरी संपल्यापासून आठवड्यातले चार दिवस मी तिकडेच असतो. सोयाबीन आणि गहू वाट्याने दिले आहेत, गुरे मात्र स्वतःकडे ठेवली आहेत, आणि ती सांभाळणारे वृद्ध गृहस्थ सगळ्या गावाचे 'बा' आहेत, म्हणून आमचेही 'बा'च आहेत. वासरांना ते 'केडा-केडी' म्हणतात, मी 'गोऱ्हा-कालवड' म्हणतो, आणि वासरे दोघांचेही ऐकत नाहीत.

पावसाळाभर वासरे घरामागच्या वाड्यात असतात. माळव्याची काळी माती भिजली की मोठ्या बैलाचा पायसुद्धा पोटरीपर्यंत आत जातो, तिथे वासरांची काय कथा. शिवाय नदीकडचे आमचे घासाचे बीड, म्हणजे गवताचे कुरण, पाऊस संपून गवत फुलोऱ्यावर येईपर्यंत आम्ही राखून ठेवतो. आश्विन सरत आला की वासरांना तिकडे हलवावेच लागते, कारण चार महिने एकाच वाड्यात राहिल्यावर तिथल्या शेणातून आणि चिखलातून जंतांचा इतका प्रादुर्भाव होतो की मोठी गुरे तो सोसतात, पण वासरे पोट सुटून, केस राठ होऊन खंगतात. ताजे कुरण हे त्यावरचे जुने आणि अजूनही चांगले औषध आहे. तर हलवणे भाग. अंतर पाऊण किलोमीटर. दावणीची कोणतीही शहाणीसुरती गाय ते दहा-पंधरा मिनिटांत कापते. गेल्या वसुबारसेला आम्हांला तीन तास वीस मिनिटे लागली, आणि त्यांतली शेवटची पंचवीस मिनिटे सोडली तर बाकीच्या वेळात आम्ही कुठेही पोहोचलो नव्हतो.

पूर्वी वाड्यापासून बीडापर्यंत दोन्ही बाजूंना काटेरी कुंपण असलेली सरळ पांदण होती. त्या वाटेवर आता भूखंड पडले आहेत, फाटक लागले आहे. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, १९५९ च्या कलम १३१ अन्वये शेताकडे किंवा गावाच्या कुरणाकडे जाण्याच्या वाटेचा वाद तहसीलदाराने पूर्वापार वहिवाट पाहून मिटवायचा असतो, आणि त्याप्रमाणे अर्ज दिलेला आहे. तो ज्या गतीने चालला आहे ती गती मला आता ओळखीची वाटते. तूर्त वासरांना अर्धीमुर्धी पांदण, मग डांबरी रस्ता, मग शेजाऱ्याच्या लसणाचा बांध, मग ओढ्यावरची मोरी आणि मग बीड, असे जावे लागते.

वसुबारसेला शहरातून दादा, वहिनी, दोन पुतणे, त्यांचे मित्र आणि दादांचे व्याही असे अकरा जण राजवाड्याजवळून पोहे-जिलेबीची पुडकी बांधून घेऊन सकाळी सातलाच हजर झाले. वहिनींनी सवत्स धेनूची यथासांग पूजा केली. गाय शांत उभी राहिली. वासराने गायीच्या गळ्यातली झेंडूची माळ पूजा चालू असतानाच खाल्ली, दोऱ्यासकट, आणि दोरा त्याच्या तोंडातून ओढून काढण्यात माझा आरतीचा वेळ गेला. त्यानंतर आज वासरे बीडात न्यायची आहेत असे मी बोलून गेलो, आणि सगळेच उत्साहाने उठले. बा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ये सब चलेंगे क्या?" मी हो म्हणालो. सगळ्या प्रकारात चूक झाली असेल तर ती तिथे झाली.

अकरा जणांनी वासरांच्या मागे अर्धवर्तुळ केले आणि टाळ्या वाजवायला सुरुवात केली. गुरांचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. मान न वळवता त्यांना सुमारे ३३० अंशांतले दिसते, आणि जे दिसत नाही ते नेमके शेपटीच्या सरळ मागचे. तिथे उभा राहिलेला माणूस गुराच्या लेखी नाहीसा होतो, पण त्याचा आवाज येतच राहतो. आपल्यामागे कोणीतरी अदृश्य होऊन टाळ्या वाजवत असेल तर आपण जे करू तेच वासरांनी केले. नऊच्या नऊ वासरे वळून आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. आम्ही त्यांच्याकडे पाहत होतो, ती आमच्याकडे पाहत होती, आणि कोणी कोणाला कुठे न्यायचे आहे याविषयी काही काळ संदिग्धता होती.

टेंपल ग्रँडिन नावाच्या अमेरिकन विदुषींनी आयुष्यभर गुरे कशी चालतात याचा अभ्यास केला आहे. गुराच्या खांद्यापाशी एक रेघ कल्पावी. माणूस त्या रेघेच्या मागे सरकला की जनावर पुढे निघते, पुढे आला की थांबते किंवा मागे वळते. म्हणून हाकणाऱ्याने सरळ मागे न राहता थोडे बाजूला, त्याच्या नजरेच्या कडेला राहावे, आणि आवाज करू नये, असे त्या सांगतात. हे मी वाचलेले होते आणि त्या वेळी मोठ्याने सांगितलेही. त्याचा परिणाम एवढाच झाला की अकरा जण खांद्याची रेघ शोधत नऊ वासरांच्या दोन्ही बाजूंना गेले, म्हणजे सगळ्या बाजूंनी माणसे झाली आणि वासरांना जायला वाट म्हणून फक्त वाड्याचे दार उरले.

त्यातल्या एका गोऱ्ह्याने शेपूट हापशीच्या दांड्यासारखी सरळ वर केली. 'वारा प्यालेले वासरू' हा शब्दप्रयोग आपण तरुण पोरांविषयी वापरतो, पण मूळ दृश्य पाहिल्याखेरीज त्याची खरी गोडी कळत नाही. चार महिने वाड्यात कोंडलेल्या वासराला मोकळी जागा आणि गार वारा एकदम मिळाला की ते घाबरून पळत नाही, आनंदाने पळते. मागचे दोन्ही पाय बाजूला झाडते, हवेतच कंबर वळवते, आणि चौखूर उधळताना अध्येमध्ये उगीच थांबून आपल्याकडे कोणी पाहते आहे ना याची खात्री करून घेते. एकाने सुरू केले की साथ पसरते. मिनिटभरात गायीची सहाही वासरे पुन्हा वाड्यात होती. म्हशीची तीन पारडी तेवढी जागची हलली नाहीत. पारड्यांना वारा लवकर चढत नाही.

दुसऱ्या खेपेला बाटलीवर वाढलेली कालवड पुढे आली. तिच्या आईला दूध उतरले नाही म्हणून माझ्या नातवाने तिला दुसऱ्या गायीचा चीक आणि नंतर दूध बाटलीने पाजून वाढवले होते. अशा वासराला माणसाची भीती नसते, आणि ज्याला भीती नाही त्याला हाकता येत नाही, हे गुरे पाळणाऱ्या सर्वांना ठाऊक आहे. तुम्ही हात वर करावा तर ते दूध आले म्हणून जवळ येते. ती थेट धाकट्या पुतण्याकडे गेली, त्याच्या सदऱ्याचे टोक तोंडात घेऊन डोळे मिटून चोखू लागली आणि मधूनमधून पान्हा यावा म्हणून कपाळाने त्याच्या मांडीला ढुशी देऊ लागली. सदरा सोडवून घ्यायला त्याला दोन्ही हात लागले असते, पण एका हातात मोबाईल होता. मी म्हणालो, तसाच पुढे चाल, म्हणजे ती मागे येईल. ती आली, फक्त तीच आली. बाकीच्यांनी तिच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. माणसांत वाढलेल्या वासराला वासरांच्या समाजात काही वजन नसते.

त्यावर व्याह्यांनी सुचवले की वासरांची आईच पुढे घ्यावी. सूचना कानाला बरी वाटते. सर्वांत लहान वासरू आठ दिवसांचे होते आणि त्याच्यासाठी त्याची आई बरोबर न्यायचीच होती, म्हणून तिला पुढे केले. पण नुकत्याच व्यालेल्या गायीला जगात एकच वासरू असते. ती दोन पावले जाई, मागे वळून आपल्या वासराला हुंगून पाही, आणि दुसरे कोणी कासेकडे तोंड नेले की शिंग उगारी. तिच्या मागे निघालेली दोन वासरे शिंगाचा मान ठेवून परत फिरली.

तरीही हळूहळू, कोणत्या शास्त्राने ते मला सांगता येणार नाही, आम्ही डांबरी रस्त्यापर्यंत पोहोचलो. तिथे कडेला पांढरा पट्टा ओढलेला आहे. पुढचा गोऱ्हा पट्ट्याच्या चार बोटे अलीकडे थांबला. त्याने दोन्ही पाय पुढे रोवले, मान खाली घातली आणि पट्टा हुंगला. नाकपुड्यांच्या वाऱ्याने पट्ट्यावरची धूळ दोन ठिकाणी उडून त्याचा पांढरेपणा आणखी उजळला, आणि तो पाहून गोऱ्हा एक पाऊल मागे सरला. गुरांना रंगांतला फरक कमी कळतो, पण उजेड आणि सावली यांतला फरक फार जाणवतो, आणि खोलीचा अंदाज त्यांना पटकन येत नाही. काळ्या डांबरावरचा पांढरा पट्टा त्यांना खड्ड्यासारखा किंवा पायरीसारखा दिसू शकतो. काही देशांत गुरांनी ओलांडू नये म्हणून रस्त्यावर नुसते पट्टे रंगवतात आणि पुष्कळ गुरे ते ओलांडत नाहीत. आमच्या रस्त्यावर पट्टा त्या हेतूने ओढलेला नव्हता, पण कामगिरी त्याने चोख बजावली.

एव्हाना एका बाजूला मंडईकडे निघालेल्या सोयाबीनच्या दोन ट्रॉल्या आणि दुसऱ्या बाजूला एक बस उभी राहिली होती. आपल्या माळव्यात सल्ला मागावा लागत नाही. एकाने सांगितले शेपूट पिरगाळा. एकाने सांगितले डोळ्यांवर पंचा टाका. बसमधल्या एका भियाने खिडकीतून शेवेची पिशवी वाजवून दाखवली, त्याने वासरे जागची हलली नाहीत पण बाटलीवरची कालवड बसच्या पायरीवर चढली. दादांनी गोऱ्ह्याच्या म्होरकीला दोर बांधून ओढायला घेतले. पन्नास-साठ किलोचे वासरू ओढण्याविषयी एवढेच सांगतो की आपण जितके ओढतो तितकेच ते मागे रेटते, आणि आपण थकलो की ते बसते. बसलेले वासरू उभ्या वासरापेक्षा दुप्पट जड असते, काटा काहीही दाखवो. शेवटी बांनी रस्त्याकडेची धूळ ओंजळीने उचलली आणि हातभर जागेत पट्ट्यावर पसरली. गोऱ्हा उठला, हुंगले, आणि जसे काही घडलेच नव्हते असा पलीकडे गेला.

लसणाची हकिगत थोडक्यात सांगतो, कारण ती सांगताना मला अजून अवघडल्यासारखे होते. शेजाऱ्याच्या लसणाला नुकते कोंब फुटले होते. दोन वासरे बांध सोडून वाफ्यात उतरली आणि त्यांना काढायला आमचे आठ जण उतरले. शेजारी बांधावर विडी ओढत बसले होते. ते आरडाओरडा करतील अशी माझी अपेक्षा होती, पण त्यांनी अत्यंत शांतपणे एवढेच सांगितले की आधी आपली माणसे बाहेर काढा, वासरांचे मी बघतो. वाफ्यांतल्या पाऊलखुणा नंतर मी स्वतः पाहिल्या आहेत. खुरांच्या कमी होत्या.

मोरीखाली घोट्याएवढे पाणी होते. पारडी ते पाहताच वरून न जाता खाली उतरली आणि बसली. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी गायीपेक्षा बऱ्याच कमी, रंग काळा, म्हणून पाणी दिसले की अंग थंड करून घेणे ही तिची गरज आहे, चैन नव्हे. पण तो काही वैशाख नव्हता, आश्विनाची सकाळ होती. ती तिन्ही डबक्यात इतकी समाधानाने बसली की त्यांना उठवण्याचा प्रयत्न मी कोणालाही करू दिला नाही. निदान तीन जनावरे कुठे आहेत हे तरी पक्के माहीत होते.

मोजणी केली तेव्हा आठ भरली. वासरांच्या कानांत हल्ली पिवळा बिल्ला असतो आणि त्यावर बारा आकडे असतात. धावत्या वासराच्या कानावरचे बारा आकडे वाचून कोण हरवले ते शोधण्याचा प्रयत्न थोरल्या पुतण्याने प्रामाणिकपणे केला. हरवले होते ते आठ दिवसांचे. अर्धा तास आम्ही पांदण, लसूण, ओढा पालथा घातला. त्याची आई मात्र बांधावर निवांत चरत होती, आणि ज्या बाजूला आम्ही शोधत होतो त्याच्या उलट दिशेला तोंड करून होती. वहिनींना तिचा फार राग आला. आई आहे की कोण, असे त्या म्हणाल्या. बा हसले. तान्ह्या वासराला आई गवतात निजवून ठेवते आणि स्वतः मुद्दाम दूर जाऊन चरते, म्हणजे वाघ-लांडग्याची नजर तिच्यावर जावी, वासरावर जाऊ नये. मेंढीचे कोकरू किंवा घोडीचे शिंगरू जन्मल्यापासून आईच्या मागे चालते. गायीचे वासरू पहिले काही दिवस मागे चालत नाही, लपते. ते मानवाने शिकवलेले नाही आणि इतक्या शतकांच्या दावणीने गेलेलेही नाही. बा गायीच्या पाठमोऱ्या बाजूला सरळ चालत गेले आणि पुतण्या जिथे उभा राहून आकडे वाचत होता तिथून तीन पावलांवरून त्याला उचलून आणले. ते जमिनीला चिकटून, कान मागे टाकून, पापणीही न हलवता पडले होते. पुतण्या दोनदा त्याला ओलांडून गेला होता.

त्यानंतर बांनी सगळ्यांना घरी परतायला सांगितले. परत जायला पाच मिनिटे लागली. पारडीसुद्धा उठली. वासरांना घराकडे न्यावे लागत नाही.

गार झालेले पोहे खाता खाता बांनी रेबाऱ्यांची गोष्ट काढली. पावसाळा सरला की मारवाडातून रेबाऱ्यांचे मेंढ्यांचे तांडे माळव्यात उतरतात हे आपल्या वाचकांपैकी उज्जैन रस्त्याने जाणाऱ्या कोणीही पाहिले असेल. शेकडो मेंढ्या दोन-तीन माणसे नेतात. तान्ही कोकरे चालवण्याच्या भानगडीत ते पडत नाहीत, उंटाच्या पाठीवरच्या बोजात घालतात आणि तिथून ती माना बाहेर काढून प्रवास पाहतात. आणि कळपाच्या पुढे मेंढी नसते, शेळी असते, कारण मेंढी मागे चालणारी आणि शेळी वाट काढणारी. आपले दक्षिणेतले धनगरही कोकरे घोड्यावर लादतात. ऐकताना मला सुभेदार मल्हारराव होळकरांची (१६९३-१७६६) आठवण झाली. ज्यांच्या घराण्यामुळे इंदूर हे इंदूर झाले त्या सुभेदारांचे बालपण खानदेशात तळोद्याला मामाकडे मेंढरांमागे गेले अशी कथा आहे. आपल्या इतिहासप्रेमी मंडळींना तो भाग थोडा अडचणीचा वाटतो आणि ते लवकर पानिपताकडे वळतात, पण ज्याने लहानपणी कोकरांचा कळप नदीपार नेला आहे त्याला फौज नेणे अगदीच नवे नसावे, असे मला त्या सकाळपासून वाटू लागले आहे.

पोहे संपल्यावर बांनी मैनेला सोडले. मैना ही आमची गाय सोळा वर्षांची आहे. चार वर्षांपासून भाकड आहे, आणि मोरीवरून घसरल्यापासून तिचा डावा मागचा पाय वाकत नाही. तो ती अर्धगोल फिरवून पुढे टाकते, त्यामुळे चिखलात तिची वाट लांबूनही ओळखता येते. बांनी तिच्या गळ्यात पितळी घंटी बांधली, वाड्याचे दार उघडे टाकले, आणि आम्हां सर्वांना ओसरीवर बसायला सांगितले. बरोबर कोणी नको, म्हणाले. स्वतः तान्ह्याला खांद्यावर घेऊन ते तिच्या बरोबरीने निघाले. आई अर्थातच मागोमाग गेली.

मैना तीन-चार पावले टाकी आणि थांबे, पांदणीतले एखादे गवत तोडी, पुन्हा चाले. वासरे आधी दारातून नुसती पाहत राहिली. मग एक कालवड बाहेर आली, मैनेच्या मागच्या पायाशी गेली, हुंगली आणि तिच्या चालीने चालू लागली. मग दुसरी. कोणी उधळावे एवढा वेगच नव्हता; उधळलेला गोऱ्हा वीस पावलांवर जाऊन पाही तो आपण एकटेच, घंटी मागे, म्हणून परत येई. रस्त्यावर मैनेने पट्ट्याकडे पाहिलेसुद्धा नाही. तिने तो कैक वेळा ओलांडलेला होता. तिच्या मागोमाग एकेकाने पट्टा हुंगला, दचकल्यासारखे केले आणि उडी मारून ओलांडला. शेवटच्याने तर जरुरीपेक्षा हातभर उंच उडी मारली. लसणाच्या बांधावर ती एका रांगेत गेली, कारण मैनेला बांध उतरणे पायामुळे जमत नाही आणि ती उतरली नाही म्हणून कोणीच उतरले नाही. मोरीवर ती खाली पाण्याकडे न पाहता कठड्याला अंग घासत सरळ पार झाली, आणि पारडीसुद्धा कोरडी पलीकडे गेली. ओसरीवरून एवढे सगळे दिसत नाही; मी पत्र लिहितो आहे म्हणून कबूल करतो की मी ओसरीवर बसून राहिलो नव्हतो, कुंपणाआडून मागे मागे गेलो होतो.

संपादक महोदय, ती धडधाकट असती तर हे झाले नसते. धडधाकट गाय आपल्या चालीने पुढे निघून जाते आणि वासरे मागे पडून पांगतात. व्यालेली असती तर तिने एकाला जवळ केले असते आणि बाकीच्यांना शिंग दाखवले असते. तरुण असती तर पट्ट्यापाशी तीही थांबली असती. वाट ठाऊक असणे, घाई करता न येणे आणि स्वतःचे वासरू नसणे, या तिन्ही गोष्टी एकत्र फक्त तिच्याच ठिकाणी होत्या. म्हणीत ज्याला आपण व्यंग समजतो ती तिथे पात्रता आहे.

आपले हिंदी भाषक शेजारी 'अंधों में काना राजा' म्हणतात आणि इंदुरात दोन्ही भाषा एकाच जिभेवर असल्यामुळे आपण ही दोन वाक्ये एकमेकांची भाषांतरे समजतो. तसे ते नाही. तिथे काणा राजा होतो तो इतरांना दिसत नाही म्हणून. आपल्या म्हणीत गाय राणी नाही, शहाणी आहे. आणि वासरे मूर्ख आहेत असेही म्हण कुठे सांगत नाही, ती वासरे आहेत एवढेच सांगते. कोशांत आणि शाळेच्या पुस्तकांत मात्र हिंदीच्या वळणाचा अर्थ पक्का होऊन बसला आहे, आणि ज्यांच्या घरी गुरे होती त्यांनीही तो निमूट पाठ केला आहे, मीसुद्धा. लेखकाला कार्यकारिणीविषयी जे म्हणायचे होते त्यासाठी आपल्या भाषेत गुरांच्याच आणखी पुष्कळ म्हणी आहेत. 'ओढाळ गुराच्या गळ्यात लोढणे' ही एक चालली असती, आणि लोढणे म्हणजे काय ते मी त्यांना प्रत्यक्ष दाखवू शकलो असतो. आमच्याकडे दोन आहेत.

आमचे चिरंजीव गुरांचा हिशेब संगणकावर ठेवतात. त्यात मैनेच्या नावापुढे कडबा, भुसा आणि औषधपाणी यांचा खर्च दरमहा चढतो आणि जमेच्या रकान्यात काही नसते. भाकड जनावर म्हणजे निव्वळ तोटा, असे त्याचे म्हणणे आहे आणि आकड्यांपुरते ते खरे आहे. वसुबारसेनंतर मी त्याला जमेकडे अकरा माणसांचे तीन तास, लसणाचे दोन वाफे आणि एक सदरा एवढे लिहायला सांगितले. त्याने सदरा तेवढा लिहिला.

येत्या वसुबारसेला वासरे पुन्हा हलवायची आहेत. या वर्षी सात आहेत. म्हणीचा वापर करणाऱ्या लेखकमहाशयांना आपल्या मार्फत मी अगत्याचे निमंत्रण देत आहे. दादा-वहिनींना या वेळी दुपारी जेवायलाच बोलावले आहे, त्यामुळे गर्दी होणार नाही. सकाळी साडेसातपर्यंत यावे, काठी आणू नये, ओसरीवर बसावे किंवा माझ्याबरोबर कुंपणाआडून यावे. सदरा मात्र आत खोचून यावा, कारण बाटलीवरची कालवड आता चांगली मोठी झाली असली तरी तिची सवय अजून गेलेली नाही.

आपला नम्र,
एक जुना वाचक
रामबाग, इंदूर